जुन्या हिब्रू ग्रंथांच्या मागावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१९८३ सालची गोष्ट. आमचं जहाज दुरुस्तीसाठी अँटवर्पच्या बंदरात थांबलं होतं. इंजिनरूममधून सुटका झाली की मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडत असे. अशाच एका दुकानात कातडी बांधणीचा एक हिब्रू ग्रंथ हाती लागला. पहिल्या पानाच्या तळाशी चांगल्या ठसठशीत अक्षरांत शब्द होता, ‘अ‍ॅमस्टरडॅम’. सतराव्या-अठराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमचे हिब्रू छापखाने जगभर नावाजलेले होते, एवढं मी ऐकून होतो. दुकानदारानंही मान डोलावली. पंधरा दिवसांचा पगार मोजला आणि पुस्तक उशाशी घेऊन झोपलो.

दोन वर्षांनी तो ग्रंथ मी खुद्द अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका ग्रंथपालबाईंना दाखवला. त्या हसल्या. त्या ठसठशीत शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काही शब्द होते. ते मी नक्षीचाच भाग समजलो होतो. सगळं सलग वाचलं तर अर्थ निघत होता, ‘फ्युर्थ येथे, अ‍ॅमस्टरडॅमच्या अक्षरांनी छापले.’ म्हणजे पुस्तक जर्मनीतलं. खिळे तेवढे अ‍ॅमस्टरडॅमच्या वळणाचे. त्या काळी जर्मनीतले बरेच मुद्रक ही युक्ती करत. खोटं काहीच लिहायचं नाही, फक्त खरं बारीक लिहायचं! धारावीत शिवलेल्या चपलांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोल्हापुरी’ लिहावं आणि ‘पद्धतीच्या’ हा शब्द कोपऱ्यात टाकावा, त्यातलाच प्रकार.

मी फसलो याचं कारण माझ्या घरातच होतं. मी बेने इस्राएल समाजातला. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घरात बोलणं मराठीत, हिब्रू प्रार्थनेपुरती. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन पुस्तकं होती. एक, वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हागादा’; १८७४ साली पुण्यात छापलेली, हिब्रूच्या सोबतीला मराठी भाषांतर असलेली. दुसरं इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून आलेलं एक जाडजूड पुस्तक. मध्यपूर्वेपासून आपल्या मुंबईपर्यंत हिब्रू पुस्तकं पुरवण्यात लिव्होर्नोचा मोठा वाटा होता. ते पुस्तक घरात कुणालाच वाचता येत नसे, कारण त्यातली अर्धी अक्षरं आम्हाला शिकवलेल्या हिब्रूसारखी नव्हतीच.

ती अक्षरं म्हणजे ‘राशी’ लिपी. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी जशी वेगळी, तशीच हिब्रूत चौकोनी लिपी आणि ही घसटती लिपी. माझ्या पुस्तकावरचे मुंगीएवढे शब्द राशी लिपीत होते आणि मला फक्त बाळबोध येत होती. तेव्हाच ठरवलं, की हा शौक करायचा तर आधी अक्षरं गिरवायला हवीत. (जाता जाता सांगतो, मराठी माणसाला हिब्रू शिकायची सोय फार जुनी आहे. जॉन विल्सन यांनी हिब्रूचं मराठीतलं व्याकरण मुंबईत छापलं ते १८३२ साली.)

आता हे ग्रंथ असतात तरी कसले? ज्यू धर्मपंडितांना रब्बी म्हणतात. त्यांच्या अभ्यासाचा कणा म्हणजे तालमूद. मिश्ना हा सूत्ररूप कायदेग्रंथ आणि त्यावर पिढ्यानपिढ्या झालेला खल, असं त्याचं स्वरूप. हरवलेली वस्तू सापडली तर काय करावं, शेजाऱ्याच्या भिंतीत खिडकी पाडावी का, इथपासून ईश्वराच्या स्वरूपापर्यंत त्यात सगळं येतं. आणि ते निकालपत्रासारखं येत नाही, वादासारखं येतं. हरलेल्या पक्षाचं मतही जपून ठेवलेलं असतं. हा खल इतका आटोपशीर भाषेत आहे, की टीकेवाचून कळत नाही. सर्वांत लाडका टीकाकार राशी. हा अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रॉय गावी राहत होता. गंमत म्हणजे ‘राशी लिपी’ त्यानं आयुष्यात कधी वापरली नाही. स्पेनच्या ज्यूंचं हे हस्ताक्षरी वळण. मुद्रकांनी टीकेसाठी ते वापरलं आणि नाव चिकटलं राशीचं.

छापील हिब्रू ग्रंथांपैकी ज्यावर तारीख आहे असा सर्वांत जुना ग्रंथही राशीचाच. तोरावरची त्याची टीका, इटलीच्या दक्षिण टोकाला रेज्जिओ दि कालाब्रिया इथे फेब्रुवारी १४७५ मध्ये छापलेली. त्या आवृत्तीची आज जगात एकच प्रत माहीत आहे. ती इटलीत पार्माच्या ग्रंथालयात आहे, आणि तीही अपुरी. त्याच वर्षीच्या जुलैत पादुआजवळच्या पिओवे दि साक्को इथे ‘अर्बाआ तुरीम’ हा मोठा धर्मशास्त्रग्रंथ छापून झाला. पंधराव्या शतकात छापलेले हिब्रू ग्रंथ एकूण सुमारे १४० च भरतात. त्यांतल्या काहींची चार-दोन पानंच उरली आहेत. ती पानंही अनेकदा दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात सापडतात. बांधणीवाल्यानं रद्दी म्हणून खळ लावून आत चिकटवलेली.

इतकी थोडी का उरली, याचं साधं उत्तर असं की ती वापरून संपली. आपल्या घरातल्या पोथीचं काय होतं ते आठवा. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं, दिव्याचं तेल सांडायचं, मुलांनी समासात चित्रं काढायची. शिवाय ज्यू धर्मात देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही. जीर्ण ग्रंथ साठवून ठेवायचा आणि माणसासारखा मातीत पुरायचा. तेव्हा जे ग्रंथ लोकांनी मनापासून वाचले ते कबरीत गेले. माझ्यासारख्या संग्राहकाला मिळतात ते बहुतेक कमी वाचलेले. हे मला नेहमी थोडं खटकतं.

दुसरं कारण म्हणजे पळापळ. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं, पाच वर्षांत पोर्तुगालचीही तीच गत झाली. पोर्तुगालमध्ये छापलेलं पहिलं पुस्तक हिब्रूतलं होतं, १४८७ सालचं, फारो गावचं. दहा वर्षांत तिथे ना मुद्रक राहिले ना वाचक. पण निर्वासितांबरोबर छापण्याची कलाही निघाली. इस्तंबूलमध्ये १४९३ साली छापलेला ‘अर्बाआ तुरीम’ हा ऑटोमन साम्राज्यातला कोणत्याही भाषेतला पहिला छापील ग्रंथ. मोरोक्कोतल्या फेझमध्ये १५१६ साली छापलेला हिब्रू ग्रंथ हा आफ्रिका खंडातला पहिला. आणि गेर्शोम सोन्सिनो नावाचा मुद्रक बघा. ब्रेशिया, फानो, पेसारो, रिमिनी, मग सालोनिका आणि शेवटी इस्तंबूल. सगळा जन्म छापखाना पाठीवर घेऊन फिरला. संग्राहक त्याचे ग्रंथ गावांच्या क्रमानं लावतात. कपाटावर नजर फिरवली की त्याचा प्रवास दिसतो.

याच सोन्सिनो घराण्यानं १४८३-८४ च्या सुमारास तालमूदचा एक भाग छापताना पानाची एक मांडणी केली. मध्ये मूळ मजकूर, आतल्या समासात राशीची टीका, बाहेरच्या समासात नंतरच्या पंडितांच्या टिपा. आपल्या त्रिपाठ पोथीत मूळ मध्ये आणि टीका वर-खाली असते, तीच कल्पना. फक्त इथे टीका मूळाला कुशीत घेतल्यासारखी तिन्ही बाजूंनी येते.

पुढचं पाऊल टाकलं एका ख्रिश्चन माणसानं. डॅनियल बोम्बर्ग मूळचा अँटवर्पचा, माझ्या फसगतीच्याच गावचा! व्हेनिसला येऊन त्यानं हिब्रू छापखाना काढला, विद्वान ज्यू मुद्रितशोधक नेमले, पोपची परवानगी मिळवली आणि १५१९ ते १५२३ च्या दरम्यान तालमूद पहिल्यांदा संपूर्ण छापला. त्यानं प्रत्येक पत्राला जो क्रमांक दिला तो आजतागायत बदललेला नाही. व्हिल्नाची एकोणिसाव्या शतकातली प्रसिद्ध आवृत्ती घ्या, जेरुसलेममधली कालची घ्या, एखादा विषय एकोणसाठाव्या पत्राच्या मागच्या बाजूला असेल तर तो सगळीकडे तिथेच. १९२३ पासून जगभरचे ज्यू रोज एकच ठरावीक पत्र वाचण्याचा उपक्रम चालवतात. २७११ पत्रांचं हे पारायण पुरं व्हायला साडेसात वर्षं लागतात. मुंबईतला माणूस आणि मेलबर्नमधला माणूस एका दिवशी एकाच पानावर असतो, तो या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या जुळणीमुळे.

बोम्बर्गचा तालमूद म्हणूनच संग्राहकांचं स्वप्न. आणि तो मिळेनासा झाला त्याची कथा ऐकली तर राग येतो. १५५० साली पादुआचे रब्बी मेयिर कात्झेनेलेनबोगेन यांनी मायमोनिडीसचा धर्मशास्त्रग्रंथ आपल्या टिपांसह व्हेनिसच्या ब्रागादिन या मुद्रकाकडून छापला. जुस्तिनियानी नावाच्या दुसऱ्या बड्या मुद्रकानं तोच ग्रंथ लगेच छापून कमी किमतीला बाजारात आणला. पादुआच्या रब्बींनी दाद मागितली क्राकोच्या तरुण रब्बी मोझेस इसेर्लेस यांच्याकडे. त्यांनी निकाल दिला, की पहिली आवृत्ती संपेपर्यंत दुसरी कुणी विकत घेऊ नये. कॉपीराइटच्या इतिहासात आज या निकालाचा उल्लेख होतो. पण भांडण तिथे थांबलं नाही. दोन्ही मुद्रक ख्रिश्चन. ते रोमला गेले आणि एकमेकांच्या ग्रंथांत धर्मद्रोही मजकूर आहे अशा चहाड्या सुरू झाल्या. धर्मांतर केलेले काही ज्यू साक्षीला उभे राहिले. तालमूदविरुद्ध वातावरण आधीच तापलेलं होतं, तेव्हा सगळा दोष या दोघांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण ठिणगी त्यांची. ९ सप्टेंबर १५५३ रोजी, ज्यू नववर्षाच्या दिवशी, रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात तालमूदची होळी झाली. ऑक्टोबरात व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात. ज्या शहरात तो छापला त्याच शहरात. घराघरांतून प्रती गोळा करून आणल्या होत्या.

क्रेमोना तेव्हा स्पॅनिश अंमलाखाली असल्यामुळे काही वर्षं वाचलं. १५५९ मध्ये तिथेही हजारो ग्रंथ जळाले. त्याच सुमारास त्याच गावात ‘झोहर’ हा गूढविद्येचा ग्रंथ राजरोस छापला जात होता! जाळणाऱ्यांनी त्याला हात लावला नाही.

उरलेल्या ग्रंथांवर सेन्सॉर बसला. १५६४ च्या यादीनुसार तालमूद ठेवायचा तर त्यावर ‘तालमूद’ हे नाव नको आणि आक्षेपार्ह मजकूरही नको. बासेलला १५७८ ते १५८१ मध्ये छापलेल्या आवृत्तीत मूर्तिपूजेवरचा अख्खा भागच गाळला. जुन्या पुस्तकांचे मालक आपापली पुस्तकं घेऊन सेन्सॉरसमोर उभे राहत. तो शाईनं ओळी खोडायचा आणि शेवटच्या पानावर सही करायचा, तारखेसह. हे बहुतेक सेन्सॉर धर्मांतरित ज्यू, कारण हिब्रू वाचणारं दुसरं होतं कोण? डोमेनिको इरोसोलिमितानो हा त्यांतला एक. जन्मानं जेरुसलेमचा, शिक्षणानं रब्बी. काय काय खोडायचं याचं त्यानं एक जाडं टिपणच तयार केलं होतं. इटलीतून आलेल्या जुन्या हिब्रू ग्रंथाचं शेवटचं पान उघडलं की त्याची सही हटकून भेटते.

नवशिका संग्राहक अशी खोडाखोड झालेली प्रत बाजूला ठेवतो आणि स्वच्छ प्रत मागतो. मीही मागायचो. आता मागत नाही. सेन्सॉरची शाई लोहयुक्त. कुठे तिनं कागद जाळून भोकं पाडली आहेत, तर कुठे ती साडेचारशे वर्षांत विटून तांबूस झाली आणि खालची काळी छापील ओळ पुन्हा वर आली. लंडनमध्ये अशी एक प्रत मी हातात घेतली होती. खोडलेली ओळ न खोडलेल्या ओळीइतकीच वाचता येत होती. समासात कुणा मालकानं गाळलेले शब्द बारीक अक्षरांत पुन्हा लिहूनही ठेवले होते. बहुधा सेन्सॉरची पाठ वळल्याबरोबर.

थोडं व्यवहाराचंही सांगतो, कारण पुष्कळजण विचारतात. पुस्तकाचं वर्ष कसं ओळखायचं? हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाचं मोल असतं. मुद्रक एखादं शास्त्रवचन छापतो आणि त्यातली काही अक्षरं मोठी ठेवतो किंवा त्यांवर ठिपके देतो. तेवढ्यांचीच बेरीज म्हणजे वर्ष. आपल्या जुन्या ग्रंथांत ‘वेद’, ‘बाण’, ‘चंद्र’ अशा शब्दांनी शक सांगतात, तशातलंच हे. बेरजेत हजाराचा आकडा बहुधा सोडलेला असतो. तेव्हा आलेल्या संख्येत १२४० मिळवायचे. बेरीज २३५ आली तर १४७५. वर्ष शरदात सुरू होत असल्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो. पण एक अक्षर मोठं आहे की नाही हे नीट दिसलं नाही तर ग्रंथ शंभर वर्षांनी म्हातारा किंवा तरुण होतो! आणि किंमतही त्याबरोबर बदलते, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. मग पानं मोजायची, प्रसिद्ध सूचीशी ताडून. पहिलं आणि शेवटचं पान सर्वांत आधी झिजतं, म्हणून तीच बनावट असण्याचा संभव जास्त. कागद उजेडासमोर धरायचा, जलचिन्ह बघायचं, कसरीनं पाडलेलं भोक एका पानातून पुढच्या पानात सरळ जातं का ते बघायचं. कसर लबाडी करत नाही. भोक मध्येच एका पानापुरतं नाहीसं झालं, तर ते पान दुसरीकडून आलेलं आहे.

संग्राहकांमध्ये माझ्या मनात सर्वांत घर केलं ते डेव्हिड ओपेनहाइम यांनी. १६६४ चा जन्म. पुढे प्रागचे मुख्य रब्बी. हिब्रूत जे जे छापलं गेलं ते ते आपल्याकडे असावं, हा ध्यास. काही पुस्तकांच्या खास प्रती ते निळ्या कागदावर, नाहीतर कातड्यावर छापून घेत. पण प्रागमध्ये सेन्सॉरची धाड पडेल या भीतीनं त्यांनी सगळा संग्रह शेकडो मैल दूर हॅनोव्हरला, सासऱ्यांकडे ठेवला. स्वतः राहिले प्रागमध्ये. जन्मभर जमवलेली पुस्तकं नजरेआड! १७३६ साली ते गेले. वारसांच्या हातून संग्रह फिरत राहिला, हॅम्बुर्गमध्ये पेट्यांत पडून राहिला. अखेर १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानं ९००० थेलरना घेतला. चार हजारांवर छापील ग्रंथ आणि पाऊणशेच्या दसपट हस्तलिखितं. तज्ज्ञांच्या मते किंमत मातीमोलच म्हणायची.

आपल्या मुंबईचाही एक बडा संग्राहक आहे. ससून हे नाव गोदीमुळे, पुण्याच्या रुग्णालयामुळे सर्वांना ठाऊक. थोरल्या डेव्हिड ससून यांचे नातू डेव्हिड सॉलोमन ससून १८८० साली मुंबईत जन्मले. त्यांची आई फ्लोरा यांनी नवऱ्याच्या मागे मुंबईची पेढी सांभाळली, आणि हिब्रू धर्मग्रंथांत त्या भल्याभल्या पंडितांशी चर्चा करत. मुलानं धंद्यात फारसं लक्ष घातलं नाही. पुस्तकं जमवली, मुख्यतः हस्तलिखितं, आणि १९३२ मध्ये लंडनहून दोन खंडांत त्यांची सूची काढली. तिचं नाव ‘ओहेल दाविद’. पुण्याच्या लाल देवळाचं खरं नावही तेच. त्यांच्या माघारी १९७० च्या दशकापासून हा संग्रह लिलावांतून पांगला. त्यांनी १९२९ मध्ये घेतलेली बायबलची एक हजारेक वर्षांपूर्वीची प्रत मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेली. ती आता तेल अवीवच्या संग्रहालयात आहे.

छापील ग्रंथांचा राजा मात्र लंडनचे जॅक लुन्झर. औद्योगिक हिऱ्यांचे व्यापारी. १९५६ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात त्यांनी बोम्बर्ग तालमूदचा एक खंड बघितला. उत्तम प्रत, मालक कोण तर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी! आठव्या हेन्रीनं घटस्फोटाचा आधार शोधायला हा तालमूद मागवला अशी दंतकथा होती. अभ्यासक आता तो ऑक्सफर्डच्या एका हिब्रू प्राध्यापकाचा होता असं मानतात. लुन्झर यांनी मागणी घातली, अ‍ॅबीनं नकार दिला. वीस-पंचवीस वर्षं हेच. मग अ‍ॅबीच्या मूळ सनदेची सुमारे ९०० वर्षांपूर्वीची एक प्रत विक्रीला आली. ती लुन्झर यांनी घेतली आणि तिच्या बदल्यात तालमूद मिळवला. त्यांचा सगळा संग्रह वाढत वाढत तेरा हजारांवर गेला. त्यात व्हेनिस होतं तशी मुंबई आणि कोलकाताही होती. २००९ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं प्रदर्शन झालं तेव्हा बघायला रांगा लागल्या. संग्रह अखंड विकला जावा ही त्यांची इच्छा. तालमूद मात्र डिसेंबर २०१५ मध्ये वेगळा निघाला, ९३ लाख डॉलरना. लुन्झर २०१६ अखेर वारले. उरलेल्या ग्रंथांतले बहुतेक पुढच्या वर्षी इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेले.

एवढ्या रकमा ऐकून तुम्ही म्हणाल, हा श्रीमंतांचा खेळ. आहेच. माझ्याकडे आज अकरा ग्रंथ आहेत, सगळे १७०० नंतरचे, एकाही ग्रंथाला लिलावगृह दारात उभं करणार नाही. पण किमतीपेक्षा एक वेगळीच गोष्ट या शौकात हळूहळू माझ्या मानगुटीवर बसली. ती म्हणजे, पुस्तक माझ्याकडे आलं कुठून?

अ‍ॅमस्टरडॅमचा रोझेंथालिआना हा संग्रह घ्या. हॅनोव्हरच्या लेझर रोझेंथाल यांनी जमवलेला, वारसांनी १८८० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराला दिलेला. युद्धात नात्झींनी तो पेट्यांत भरून जर्मनीला नेला. काही मोलाचे ग्रंथ तेवढे आधीच लपवले गेले होते. पेट्या फ्रँकफुर्टजवळ सापडल्या आणि १९४६ मध्ये परत आल्या. संग्रहाचे ग्रंथपाल लुई हिर्शेल आले नाहीत. युरोपभरातून लुटलेली अशी लाखो पुस्तकं अमेरिकी सैन्यानं ऑफेनबाखच्या गोदामात गोळा केली. ज्यांचे मालक सापडले त्यांना परत गेली. ज्यांच्या मालकांचं गावच उरलं नाही, ती एका ज्यू संस्थेनं जगभरच्या ग्रंथालयांत वाटली आणि प्रत्येकात एक छोटी चिठ्ठी चिकटवली. हॅना आरेंट या विदुषी त्या संस्थेचं काम बघत. जुन्या हिब्रू पुस्तकात ती चिठ्ठी दिसली की बाकी काही विचारायचं उरत नाही. पण चिठ्ठी नसलेली, गोदामापर्यंत न पोचलेली पुस्तकंही होतीच. ती कुणाच्या तरी पिशवीतून दुकानात आली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावातून पूर्व युरोपातल्या नष्ट झालेल्या ज्यू वस्त्यांच्या नोंदवह्या आणि गुंडाळ्या सरकारनं जप्त केल्या. ती बातमी वाचून मी कपाट उघडलं.

माझं ते फसवं ‘अ‍ॅमस्टरडॅम’ पुस्तक. त्याच्या दुसऱ्या पानावर एक खरवडलेला डाग होता. ‘जुना डाग’ म्हणून मी चाळीस वर्षं त्याकडे काणाडोळा केला होता. विजेरी आडवी धरून बघितलं तर लंबगोल शिक्का दिसला. बव्हेरियातल्या एका लहान गावच्या ज्यू समाजाच्या वाचनालयाचा. कुणीतरी तो पात्यानं काळजीपूर्वक खरवडला होता. १९८३ मध्ये मी दुकानदाराला किंमत विचारली. एवढं एकच विचारलं.

त्या गावच्या नगरपालिकेला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. गावात आता ज्यू कुटुंब नाही. सिनेगॉग १९३८ च्या नोव्हेंबरात मोडलं, त्या जागी एक छोटंसं स्मारकदालन आहे. वाचनालयातलं एकही पुस्तक त्यांच्याकडे नाही. पुस्तक द्याल का, असं त्यांनी विचारलेलं नव्हतं. ते मीच विचारलं.

ही सारी हकिकत घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘पंधरा दिवसांचा पगार गेला म्हणायचा.’ मग तिनंच जुनं मलमलचं पातळ काढून दिलं, पुस्तक गुंडाळायला. पण शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची तर पुरातत्त्व खात्याची कागदपत्रं लागतात. वस्तू बाहेरूनच आली आहे हे दाखवायचं, तर १९८३ ची पावती माझ्याकडे नाही. अर्ज केला आहे, हेलपाटे चालू आहेत. तोवर ग्रंथ आजोबांच्या हागादाशेजारी त्या मलमलीत आहे. त्याच्या शेवटच्या पानावर कुणा मुलानं आपलं नाव तीनदा गिरवलं आहे. दोनदा चौकोनी अक्षरांत, तिसऱ्यांदा राशी लिपीत. तिसऱ्या खेपेला एक अक्षर चुकलंय.